कारखान्यातली पेटी आणि रानातला शिपाई

प्रथमोपचार हा शब्द आपल्या कानांना इतका सवयीचा झाला आहे की, ही गोष्ट माणसाबरोबरच जन्मास आली असावी असे वाटते. कापले तर चिंधी बांधावी, पडला तर उचलावे, एवढ्यासाठी इतिहास तो कशाला हवा? परंतु चिंधी बांधणे निराळे आणि ती कशी, कोठे, किती घट्ट बांधावी, व केव्हा मुळीच बांधू नये, हे डॉक्टर नसलेल्या माणसाला पद्धतशीर शिकवून त्याची परीक्षा घेणे निराळे. ही दुसरी गोष्ट जेमतेम दीडशे वर्षांची आहे. आणि ती रुग्णालयात जन्मली नाही. ती रणांगणावर, खाणीच्या तोंडाशी आणि आगगाडीच्या रुळांवर जन्मली.

मी डॉक्टर नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. आयुष्याचा मोठा भाग कारखान्यांच्या फाटकांवर गेला आणि गेली काही वर्षे जंगलात राबणाऱ्या रोजंदार मजुरांच्या संघटनेचे काम माझ्याकडे आहे. दोन्ही ठिकाणची माणसे पाहिल्यामुळे एक प्रश्न माझ्या मनात सारखा घोळत असतो. यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगाराला जखम झाली तर त्याच्या हाताशी पेटी असावी व ती उघडणारा शिकलेला माणूस असावा, हे कायद्याने मानले. मग वाघ-अस्वलांच्या रानात दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर पायपीट करणाऱ्या वनरक्षकाला आणि त्याच्यामागून कुऱ्हाड घेऊन चालणाऱ्या मजुराला ते का मिळू नये? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, म्हणून आज थोडा इतिहास सांगावयाचा आहे.

१८५९ च्या जून महिन्यात इटलीतील सोल्फेरिनो येथे लढाई झाली आणि हजारो जखमी सैनिक उघड्यावर पडून राहिले. आँरी द्युनां या स्विस व्यापाऱ्याने ते दृश्य पाहिले व त्यातून पुढे रेडक्रॉस उभी राहिली, ही कथा आपणांपैकी बहुतेकांना शाळेत असतानाच कळलेली असते. तिच्यावर मी वेळ घालवीत नाही. माझ्या विषयाला अधिक जवळचा माणूस म्हणजे जर्मनीतील कील येथील शस्त्रवैद्य फ्रीडरिश एस्मार्क. त्रिकोणी पट्टी म्हणून जी आजही प्रत्येक प्रथमोपचाराच्या पेटीत असते, ती यानेच लोकप्रिय केली. मौज अशी की, त्याने त्या पट्टीच्या कापडावरच चित्रे छापून घेतली होती. डोक्याला, खांद्याला, गुडघ्याला पट्टी कशी बांधावी हे कापडच दाखवीत असे. अक्षरओळख नसलेल्या शिपायालाही कळावे, अशी ती युक्ती होती. शिक्षणाच्या नावाने जाडजूड पुस्तके छापणाऱ्यांनी हे कापड एकवार पाहावे असे मला वाटते.

इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी वुलिच येथे पीटर शेफर्ड नावाच्या लष्करी शस्त्रवैद्याने सामान्य नागरिकांसाठी पहिले वर्ग घेतले. प्रथमोपचार या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याच सुमारास रूढ झाला. शेफर्डचे पुढे काय झाले हेही सांगण्यासारखे आहे. १८७९ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत झुलूंशी इसांडलवाना येथे लढाई झाली, तीत इंग्रजांचा पराभव झाला आणि शेफर्ड तेथे मारला गेला. वर्ग घेऊन फारसा काळ उलटला नव्हता. पण वर्ग चालू राहिले. एस्मार्क १८८१ साली लंडनला गेला तेव्हा त्याने ते पाहिले आणि परत येऊन १८८२ मध्ये कीलला आपली समॅरिटन शाळा काढली. डॉक्टरांपैकी काहींना हे रुचले नाही. आपली विद्या अशी बाजारात वाटली तर भोंदू वैद्य माजतील, अशी त्यांना भीती वाटे. ही भीती आजही ऐकू येते. भाषा तेवढी बदलली आहे.

या वर्गांना सर्वांत जास्त गर्दी कोणाची झाली? खाणकामगारांची आणि रेल्वे कामगारांची. कारण उघड आहे. खाणीत दगड कोसळला तर डॉक्टर पाताळात उतरत नाही. रुळाचे काम चालते ते गावापासून कोसोगणती दूर. तेथे जखमेजवळ असतो तो फक्त शेजारचा कामगार. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने १८८८ साली प्रथमोपचाराच्या तयार पेट्या काढल्या त्या मुळात रेल्वे कामगारांसाठीच. पेनसिल्व्हानियातील जर्मिन या खाणगावी डॉ. शील्ड्स यांनी १८९९ मध्ये कोळसा कामगारांना प्रथमोपचार शिकविण्यास आरंभ केला. पुढे निरनिराळ्या खाणींच्या तुकड्यांमध्ये पट्ट्या बांधण्याचे सामने होऊ लागले आणि लोक ते कुस्त्यांच्या फडासारखे पाहावयास जमू लागले.

यात मालकांची केवळ दया होती असे कोणी समजू नये. जखमी कामगार लवकर उभा राहिला तर काम थांबत नाही, हा हिशेब होताच. पण हिशेब मालकाचा असला तरी विद्या गेली ती कामगाराच्या हातात, आणि एकदा हातात गेलेली विद्या परत घेता येत नाही.

आपल्याकडे ही मागणी कोणी व कशी केली? १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे गेला. त्यात आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या होत्याच. पण एक मागणी अशी होती की, कामावर असताना जबर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. सुट्टीची मागणी लोकांच्या स्मरणात राहिली, ही राहिली नाही. वस्तुतः दुखापत ही कामगाराच्या नशिबाची गोष्ट नसून कामाची गोष्ट आहे, असे या देशात प्रथम म्हटले गेले ते या अर्जात, अशी माझी समजूत आहे. त्यानंतर नुकसानभरपाईचा कायदा येण्यास १९२३ साल उजाडले. मध्यंतरी १९१० मध्ये सेंट जॉन अँब्युलन्सचे भारतातील संघटन झाले व १९२० मध्ये भारतीय रेडक्रॉसचा कायदा झाला.

मग १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याचे ४५ वे कलम आम्हा जुन्या कार्यकर्त्यांना पाठ असे. दर दीडशे कामगारांमागे निदान एक पेटी, ती कामाच्या सर्व वेळात हाताशी असावी, ती अशा जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी की ज्याच्याजवळ प्रथमोपचाराचे सरकारमान्य प्रमाणपत्र आहे आणि जो कामाच्या वेळात नेहमी हजर असतो. पाचशेहून अधिक कामगार असतील तर रुग्णोपचाराची स्वतंत्र खोली. कलम उत्तम होते. आता अंमलबजावणी कशी होई ते सांगतो. मी तरुणपणी ज्या यंत्रशाळेत होतो तेथे पेटी होती, भिंतीवर होती, तिच्यावर तांबडा क्रॉसही होता. आणि तिला कुलूप होते. किल्ली टाइमकीपरच्या टेबलाच्या खणात. रात्रपाळीला टाइमकीपर नसे. एकाचे बोट लेथवर गेले तेव्हा आम्ही पान्याने कुलूप तोडले आणि आत पाहतो तो आयोडिनची रिकामी बाटली व एका सणाचे उरलेले तोरण! तरीसुद्धा त्या कुलपावर आम्हाला भांडता आले, कारण आमच्या बाजूने ४५ वे कलम होते. रानातल्या माणसाजवळ ते कलमच नव्हते.

आता रानाकडे वळू. ब्रिटिश सरकारने १८६४ साली हिंदुस्थानात वनखाते स्थापन केले आणि डीट्रिश ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचा पहिला इन्स्पेक्टर जनरल झाला. १८६५, १८७८ व १९२७ असे वनांचे कायदे झाले. हे कायदे लाकडासाठी होते. माणसाचा उल्लेख त्यांत मुख्यतः गुन्हेगार म्हणून येतो. रानाचे रेंज, राऊंड आणि बीट असे तुकडे पाडले गेले. बीटवरचा माणूस म्हणजे वनरक्षक. विदर्भात लोक त्याला नाकेदार म्हणतात. येथे शब्दाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. जगात रेंजर म्हणजे रानात पायी फिरून जनावरांची राखण करणारा माणूस. आपल्याकडे रेंजर हा वनक्षेत्रपाल, म्हणजे अधिकारी. तेव्हा परदेशी अहवालात रेंजरांचे हाल वाचताना आपण डोळ्यांपुढे आणावयाचा तो आपला नाकेदार आणि त्याच्याबरोबरचा वनमजूर.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. त्या दिवसापासून नाकेदाराचे काम पालटले. पूर्वी तो लाकूड राखीत होता, आता जनावर राखू लागला. जनावरापासून दूर राहणे हा रानातील माणसाचा पहिला धर्म. याची नोकरीच जनावराच्या माग काढण्याची. पायाचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे पाहत त्याने चालावयाचे. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोबात व्याघ्रगणनेच्या पाहणीवर असलेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केले, ते अशाच कामावर. अशा प्रसंगी प्रथमोपचार काय करणार, असे कोणी विचारील. खरे आहे, काही प्रसंगी तो काहीच करू शकत नाही. परंतु रानातले बहुतेक अपघात वाघाचे नसतात. ते सापाचे असतात, अस्वलाचे, रानडुकराचे, आग्या मोहोळाचे असतात, वणव्याचे आणि उन्हाचे असतात. त्यांत जखम आणि मृत्यू यांच्यामध्ये काही तास असतात. प्रश्न त्या तासांचा आहे.

सापाचे उदाहरण मी सविस्तर घेतो, कारण प्रथमोपचाराच्या इतिहासात इतका घोळ दुसऱ्या कोणत्याही बाबतीत झाला नसेल.

जोझेफ फेअरर या ब्रिटिश डॉक्टरने १८७२ मध्ये हिंदुस्थानातील विषारी सापांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. औषध मात्र त्याला सापडले नाही. १९०४ साली फेअरर, ब्रंटन आणि लेनर्ड रॉजर्स यांनी एक साधन पुढे आणले: लहानशा लाकडी नळीत एका बाजूला नस्तर आणि दुसऱ्या बाजूला पोटॅशियम परमँगनेटचे खडे. दोर आवळून बांधावा, दंश चिरावा आणि खडे आत चोळावे. त्या काळी ही आधुनिक विद्या होती. अनेक वर्षे ती वापरली गेली आणि अखेर निरुपयोगी ठरली. विष केव्हाच आत गेलेले असते, आणि चिरल्याने नवी जखम तेवढी होते. खरा उपाय त्याआधीच निघाला होता. कालमेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९५ च्या सुमारास घोड्याच्या रक्तापासून प्रतिविष तयार करण्याची रीत दाखविली होती. आपल्याकडे कसौलीला आणि पुढे परळच्या हाफकिन संस्थेत ते होऊ लागले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच प्रतिविष, आणि तेही पूड स्वरूपात, की जेथे बर्फ मिळत नाही तेथेही टिकावे. गिरणगावातल्या आम्हा पोरांना ती संस्था म्हणजे घोड्यांची आणि सापांची जागा एवढेच ठाऊक होते. त्या भिंतीआड कोकणातल्या आमच्या भाऊबंदांचे प्राण बाटलीत भरले जात होते, हे फार पुढे वाचनात आले.

तात्पर्य, सापावर प्रथमोपचार म्हणजे औषध नव्हेच. औषध दवाखान्यात. प्रथमोपचार म्हणजे तेथपर्यंत माणूस धडपणी पोहोचविणे. भारत सरकारच्या २००९ च्या सर्पदंश उपचारपद्धतीत हेच सांगितले आहे: धीर द्या, चावलेला अवयव मोडलेल्या हाडासारखा फळीने स्थिर करा, विनाविलंब दवाखान्यात न्या, आणि वाटेत काय काय लक्षणे झाली ते डॉक्टरला सांगा. चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. ऑस्ट्रेलियात सदरलँड यांनी १९७९ साली संबंध अवयवाला दाबपट्टी गुंडाळण्याची रीत काढली व ती तेथे यशस्वी झाली. पण तेथले साप बहुतेक नागाच्या जातीचे. आपले घोणस आणि फुरसे मांस कुजवितात. त्यांच्या विषाला एका जागी कोंडणे म्हणजे पाय गमावणे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या संघटनेतील एका वनमजुराला बांबूतोडीच्या वेळी घोणस चावली. बरोबरच्यांनी मोठ्या आपुलकीने घोट्यापाशी, पोटरीला आणि मांडीला असे तीन ठिकाणी सुंभ आवळले, झोळी केली आणि चार तास चालून त्याला रस्त्यापर्यंत आणले. मांत्रिकाकडे नेले नाही, वेळ दवडला नाही, गाडी मिळताच थेट दवाखाना गाठला. डॉक्टरने प्रतिविष दिले, माणूस जगला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, पाय सापाने कमी आणि सुंभाने जास्त खाल्ला. आता त्या चार माणसांना दोष कोणी द्यावा? त्यांच्या आज्यापणज्यांनी बांधले, शाळेच्या जुन्या क्रमिक पुस्तकांतही बांधा असेच सांगितलेले होते. त्यांना उलट शिकविणारा कोणी रानात आलाच नव्हता. भरपाईचा अर्ज घेऊन मी त्या विभागाच्या कचेरीत गेलो तेव्हा उत्तर मिळाले की, मस्टर आदल्या दिवशी संपलेले असल्यामुळे सदर इसम त्या दिवशी कामावर नव्हता. बांबू मात्र त्या दिवशी तोडला गेला होता आणि त्याची मोजणीही झाली होती.

आणि आता गंमत पाहा. हीच आवळपट्टी रक्तस्रावाला जीव वाचविते. पेतीचे स्क्रू फिरवून आवळण्याचे साधन १७१८ पासूनचे आहे. मध्यंतरी ते बदनाम झाले, कारण आवळलेला अवयव तासन् तास तसाच राहून निकामी होई. परंतु अफगाणिस्तान आणि इराकमधील लढायांच्या अनुभवानंतर ते पुन्हा मानाने परत आले, आणि आफ्रिकेत शिकाऱ्यांच्या गोळ्यांना तोंड देणाऱ्या रेंजरांच्या कमरेला आज ते लटकलेले असते. काँगोमधील विरुंगा हे अभयारण्य १९२५ साली स्थापन झाले. तेथे दोनशेहून अधिक रक्षकांनी आजवर प्राण गमावले आहेत. तेव्हा एकच पट्टी: मांडीची धमनी तुटली तर आवळावी, घोणस चावली तर आवळू नये. हा विवेक भिंतीवरच्या फलकाने येत नाही. तो हातांनी, पुनःपुन्हा करून, चुकीचे तेथल्या तेथे सुधारून यावा लागतो. प्रशिक्षण ते याचसाठी.

मण्यारीची गोष्ट याहून निराळी. ती रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. वेदना जवळजवळ नाही, सूज नाही. पहाटे पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, मग श्वासाचे स्नायू थांबतात. संरक्षण कुटीत खाली अंथरूण टाकून झोपणारा नाकेदार तिचा आयता धनी. येथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक मच्छरदाणी, चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली. ती हिवतापाच्या डासालाही अडविते आणि मण्यारीलाही. दुसरी गोष्ट म्हणजे तोंडाने श्वास देणे. पूर्वी बुडालेल्या माणसाला पालथे घालून पाठ दाबीत. १९०३ ची शेफरची रीत ती. १९५० नंतरच्या दशकात पीटर साफर प्रभृतींनी तोंडावाटे श्वास देणे अधिक परिणामकारक असल्याचे सिद्ध केले. मण्यारीच्या रोग्याचे हृदय चालू असते, फुप्फुसेही धड असतात, फक्त भाता थांबलेला असतो. दोघांनी आळीपाळीने तो भाता गाडीत, खडबडीत रस्त्याने, दवाखान्यापर्यंत चालू ठेवला तर माणूस वाचू शकतो. पैसा एक लागत नाही.

अस्वलाविषयी थोडक्यात. ते चेहऱ्यावर धावते. जबडा फुटलेल्या माणसाला उताणे निजविले तर तो स्वतःच्या रक्ताने गुदमरतो. त्याला पुढे वाकवून बसवावे किंवा कुशीवर निजवावे. डोक्याची कातडी लोंबत असेल तर ती तोडू नये, जागेवर बसवून स्वच्छ कापडाने दाबावी. भामरागडच्या रानात हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात असे फाटलेले चेहरे प्रकाश आमटे आणि मंदाकिनी आमटे यांनी वर्षानुवर्षे शिवले. तेथपर्यंत रोगी झोळीतून, खांद्यावरून येत.

शहरात प्रथमोपचार शिकविताना शिक्षक गृहीत धरतो की, दहा-वीस मिनिटांत गाडी येईल. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची गाडी २०१४ पासून धावते आणि तिने पुष्कळ जीव वाचविले आहेत. पण गाडी सडकेपर्यंत येते. सडकेपासून आत दहा किलोमीटर नाला, चढ आणि बांबू असतो. फोनला रेंज नसते. म्हणून रानातला प्रथमोपचार हा शहरातल्या प्रथमोपचाराचा धाकटा भाऊ नव्हे, ते वेगळेच शास्त्र आहे. दोन बांबू आणि दोन सदऱ्यांचा स्ट्रेचर कसा करावा, चार माणसांत खांदा कसा बदलावा, कोणत्या दवाखान्यात प्रतिविष आहे हे वायरलेसवरून आधी कसे विचारावे, पाणी केव्हा पाजावे व केव्हा पाजू नये, हे त्यात येते.

अडाणी माणसाच्या हाती एवढी विद्या द्यावी काय, असा आक्षेप मी मोठमोठ्या कचेऱ्यांत ऐकला आहे. कीलच्या डॉक्टरांचाच तो आक्षेप. त्याला उत्तर गडचिरोली जिल्ह्यातच लिहिलेले आहे. अभय व राणी बंग यांच्या संस्थेने खेड्यांतल्या थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची निगा शिकविली, न्युमोनिया व जंतुदोष ओळखणे शिकविले, वेळप्रसंगी इंजेक्शन देणेही शिकविले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात अर्भकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आणि महाडला हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरचा उपचार कोठे शोधला? मोठ्या शहरात नव्हे. कोकणातल्या एका साध्या दवाखान्यात, खाटेजवळ बसून.

मग अडचण कोठे आहे? माझ्या मते ती कायद्यातील एका शब्दात आहे. १९४८ चा कायदा कारखान्याचा होता; रानाला छप्पर नाही, यंत्र नाही, म्हणून रान कारखाना नव्हे. बरे, उद्योग तरी आहे काय? १९७८ साली बंगळूरच्या पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उद्योग या शब्दाचा अर्थ पुष्कळ रुंद केला. १९९६ मध्ये पुण्याच्या पाचगाव पर्वती येथील वनीकरणाच्या कामावरील मजुरांचे प्रकरण त्या न्यायालयापुढे आले. झाडे लावणे हे सरकारचे सार्वभौम कार्य असून त्याला कामगार कायदे लागत नाहीत, असा खात्याचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. आमच्या दृष्टीने तो मोठा निकाल. नोकरीत कायम होण्याची वाट त्याने अनेकांना मोकळी केली. पेटीची मात्र नाही. २०२० साली संसदेने सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीची संहिता संमत केली. तिच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की, केंद्र व राज्य सरकारांच्या कचेऱ्यांना ती लागू नाही. मग बीट ही कचेरी आहे की कामाची जागा? कचेरी असेल तर अशी कचेरी मला एकदा पाहावयाची आहे, जिच्यात साहेबाच्या खुर्चीखाली फुरसे बसते.

जगातील रक्षकांचा संघ १९९२ मध्ये स्थापन झाला, २००७ पासून ३१ जुलै हा त्यांचा दिवस पाळला जातो. २०१९ साली नेपाळात चितवन येथे त्यांची जागतिक परिषद भरली. त्या ठरावांतही प्रशिक्षण, विमा, औषधपाणी याच गोष्टी आहेत. तेव्हा ही कळ फक्त आपल्या बीटवरची नव्हे. आपल्या देशापुरते पाहिले तर २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाची राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले आणि वनविभागालाही तीत काम नेमून दिले.

योजना चांगली आहे. पण शिबिराला जावयाचे कोणी? कायम नोकरीतला वनरक्षक प्रशिक्षणाला गेला तर त्याचा पगार चालू राहतो. त्याच्यापुढे दोन पावले झुडूप तोडीत जाणारा रोजंदार शिबिराला गेला तर त्याचा रोज बुडतो. तीन दिवसांचे शिबिर म्हणजे तीन दिवसांची चूल. मग तो जात नाही, आणि चावा घेताना साप मस्टर पाहत नाही. आमच्या संघटनेने गेल्या वर्षी एका विभागाकडे मागणीपत्र दिले. त्यात चार कलमे होती. प्रत्येक संरक्षण कुटीत बिनकुलपाची पेटी. प्रत्येक गस्तीत निदान एक प्रमाणपत्र असलेला माणूस, आणि त्याची दर पावसाळ्यापूर्वी उजळणी. प्रत्येक बीटला मच्छरदाण्या व एक घडीचा स्ट्रेचर. चौथे, शिबिराचे दिवस रोजंदारांच्या मस्टरवर हजेरी म्हणून धरणे. पहिली तीन कलमे तत्त्वतः मान्य झाल्याचे पत्र आले आहे. चौथ्या कलमापुढे "विचाराधीन" असा शेरा आहे.